खात नाही, अंग धरत नाही : लहान मुलांचे वजन आणि भूक

"काही म्हणजे काही खात नाही" आणि "खाल्लेलं अंगाला लागत नाही" ही दोन वाक्ये बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात रोज ऐकू येतात. अंगणवाडीत वजनाच्या दिवशीही आया आणि आज्या हीच काळजी बोलून दाखवतात. एका दमात बोलल्या जाणाऱ्या या वाक्यांत दोन वेगळे प्रश्न आहेत. मुलाची वाढ ठीक चालली आहे का, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर वजनकाटा, उंचीची पट्टी आणि वाढीचा तक्ता देतात. मुलाच्या खाण्याची रीत ठीक आहे का, हा दुसरा. त्याचे उत्तर घरातल्या ताटात आणि दिनक्रमात सापडते. पहिल्याचे उत्तर न घेता दुसऱ्यावर उपाय सुरू केले, तर चांगल्या वाढणाऱ्या मुलाच्या तोंडात घास कोंबले जातात आणि खरोखर मागे पडलेले मूल नजरेतून सुटते. म्हणून आधी वजन पाहावे, मग जेवण.

१. वजन किती असावे?

जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते. जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंतची ही घट अपेक्षित असते आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघते. त्यानंतर वाढ वेगाने होते. पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्मवजन दुप्पट होते, वर्षाच्या शेवटी तिप्पट आणि दोन वर्षांच्या सुमारास चौपट.

मुलांनी किती वाढावे याचे जगभर वापरले जाणारे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यासाठी १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापे घेतली गेली. भारतातील मुले दिल्लीची होती. स्तनपान, पुरेसे अन्न, स्वच्छता आणि लसीकरण मिळालेली मुले कोणत्याही देशात जवळपास सारखीच वाढतात, असे या अभ्यासातून दिसले. अंगणवाडीतला तक्ता आणि माता-बाल संरक्षण कार्डावरचा तक्ता याच प्रमाणावर आधारलेला आहे.

त्यातली मधली वजने अशी :

सहा महिने : मुलगा ७.९ किलो, मुलगी ७.३ किलो
एक वर्ष : मुलगा ९.६ किलो, मुलगी ८.९ किलो
दोन वर्षे : मुलगा १२.२ किलो, मुलगी ११.५ किलो
तीन वर्षे : मुलगा १४.३ किलो, मुलगी १३.९ किलो
पाच वर्षे : मुलगा १८.३ किलो, मुलगी १८.२ किलो

हे आकडे वाचताना बहुतेकांची एक गफलत होते. मधले वजन म्हणजे उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे वजन, असा समज करून घेतला जातो. शंभर निरोगी मुले वजनाच्या क्रमाने ओळीत उभी केली, तर बरोबर मध्यावर जे वजन येईल ते मधले वजन. याचा अर्थ निम्मी निरोगी मुले त्याच्या खालीच असतात. दोन वर्षांच्या मुलीसाठी वयानुसार अपेक्षित वजनाचा पट्टा ९ किलोपासून १४.८ किलोपर्यंत पसरलेला आहे. वजन ९ किलोच्या खाली गेले, तर तिला कमी वजनाची म्हणतात. शंभर निरोगी मुलींमध्ये अशा साधारण दोनच असतात, म्हणून तपासणीची गरज तिथे सुरू होते.

२. एका आकड्यावरून निर्णय का करू नये?

वाढीचा तक्ता हा बँकेच्या पासबुकासारखा वाचायचा असतो. आजची शिल्लक कळली तरी घरखर्च नीट चालला आहे की नाही, ते कळत नाही. त्यासाठी गेल्या अनेक महिन्यांच्या नोंदी पाहाव्या लागतात.

दोन मुलांचे उदाहरण घेऊ. दोघेही दोन वर्षांचे, दोघांचेही वजन १०.२ किलो.

पहिली मुलगी जन्मतः २.८ किलोची होती. वर्षाची झाली तेव्हा ७.९, दीड वर्षाला ९.१ आणि आता १०.२ किलो. ती सुरुवातीपासून मधल्या रेषेच्या खाली आहे. पण तक्त्यावरचे तिचे ठिपके जोडले, तर त्यांची रेषा मधल्या रेषेला समांतर वर चढते. ती खेळते, बोलते, आजारातून लवकर सावरते. तिची वाढ चांगली आहे.

दुसरा मुलगा वर्षाचा असताना ९.६ किलोचा, म्हणजे नेमका मधल्या रेषेवर होता. दीड वर्षाला त्याचे वजन १० किलो झाले आणि आता १०.२. कमी वजनाची मर्यादा त्याच्या वयाला ९.७ किलो आहे, त्यामुळे आजचा आकडा अजून पट्ट्यातच आहे. शेजारीपाजारी त्याला धडधाकटच समजतील. पण वर्षभरात अडीच किलोच्या आसपास वाढायला हवे होते, तिथे तो सहाशे ग्रॅमच वाढला आणि त्याची रेषा आडवी पडली. या मुलाला डॉक्टरांकडे न्यायला हवे.

आकडा एकच असून एक मूल ठीक आहे आणि एक अडचणीत. हा फरक केवळ जुन्या नोंदींमुळे कळला. तक्त्यावर हिरवा, पिवळा आणि केशरी असे पट्टे असतात. हिरवा पट्टा ठीक वजनाचा, पिवळा कमी वजनाचा आणि केशरी तीव्र कमी वजनाचा. पट्ट्याचा रंग महत्त्वाचा आहेच, पण रेषा कोणत्या दिशेला चालली आहे हे त्याहून आधी इशारा देते.

वजनाबरोबर उंचीही मोजायला हवी. वयाच्या मानाने उंची कमी असणे हे दीर्घकाळच्या अपुऱ्या पोषणाचे आणि वारंवारच्या आजारांचे लक्षण असते. त्याला खुजेपणा म्हणतात. उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे कृशपणा. तो अलीकडच्या उपासमारीतून किंवा आजारातून येतो आणि जिवाला अधिक तातडीचा धोका देतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील मुलांपैकी ३५.२ टक्के खुजी, २५.६ टक्के कृश आणि ३६.१ टक्के कमी वजनाची आढळली. म्हणून "आमच्या घराण्यात सगळे बारीकच" असे म्हणून विषय सोडून देणेही धोक्याचे आहे. आईवडील चणीने लहान असतील, तर मूलही चणीने लहान असू शकते. पण त्याची रेषा सपाट होण्याचे कारण घराण्यात शोधू नये.

३. वजन कसे करावे?

दुसऱ्या वर्षी मूल साधारण अडीच किलो वाढते, म्हणजे महिन्याला दोनशे ग्रॅम. एक पेला पाण्याचे वजनही दोनशे ग्रॅमच असते. मूल नुकतेच दूध प्यालेले असेल, स्वेटर घातलेला असेल किंवा लंगोट ओला असेल, तर महिन्याची सगळी वाढ त्या फरकात झाकली जाते. म्हणून रोज वजन करून काहीही कळत नाही, फक्त घोर वाढतो. महिन्यातून एकदा, शक्यतो त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत वजन करावे आणि कार्डावर ठिपका मांडून आधीच्या ठिपक्याशी जोडावा. तापानंतर किंवा जुलाबानंतर वजन थोडे उतरते. आजार गेल्यावर दोन-तीन आठवड्यांत ते भरून आले, तर चिंता नको.

४. वर्षानंतर भूक का मंदावते?

"वर्षाचा होईपर्यंत छान खायचा, आता घास बघितला की पळतो." या तक्रारीचे कारण वाढीच्या वेगात आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढते. दुसऱ्या वर्षी हा वेग दिवसाला सात ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे जवळपास चौथ्या हिश्श्यावर. वाढीसाठी लागणारे अन्न त्या प्रमाणात घटते आणि भूकही मंदावते. याच सुमाराला मूल चालू लागते, त्याचे लक्ष जेवणापेक्षा घरभर फिरण्यात असते. अंगावरचे बाळसे उतरते, हातपाय लांब दिसू लागतात आणि घरातल्यांना मूल वाळले असे वाटते. रेषा वर चढत असेल, तर हे वाळणे नसून मोठे होणे आहे.

दोन वर्षांच्या सुमारास आणखी एक गोष्ट सुरू होते. अनोळखी पदार्थाला मूल नकार देऊ लागते. ही वाढीची एक पायरी आहे आणि बहुतेक मुलांत पाच-सहा वर्षांपर्यंत ती हळूहळू ओसरते. नवा पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर मगच अनेक मुले तो खाऊ लागतात. दुधीची भाजी दोनदा थुंकली म्हणून "याला दुधी आवडत नाही" असा शिक्का मारला, तर पुढच्या दहा संधी हातच्या जातात.

५. किती खावे हे मुलाला कळते का?

या प्रश्नाचा पहिला मोठा शोध अमेरिकेतील डॉक्टर क्लारा डेव्हिस यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत घेतला. नुकतेच दूध सुटलेल्या पंधरा मुलांसमोर रोज साधे, न सजवलेले तीसहून अधिक पदार्थ आलटून पालटून ठेवले जात. धान्य, मांस, अंडी, दूध, फळे, भाज्या असा तो प्रकार होता. परिचारिकांनी काहीही सुचवायचे नाही आणि आग्रह करायचा नाही. मुलाने बोट दाखवले तरच घास द्यायचा, असा नियम होता. मुलांची जेवणे चमत्कारिक दिसत. एखादे मूल एका वेळी अंडीच अंडी खाई, तर दुसरे केळीच केळी. तरीही महिन्यांच्या हिशेबात सगळ्यांना पुरेसे पोषण मिळाले आणि त्यांची वाढ चांगली झाली. मुडदूस झालेल्या एका मुलाने तर आजार बरा होईपर्यंत माशाच्या यकृताचे तेल आपणहून घेतले. १९३९ मध्ये या प्रयोगाविषयी लिहिताना डेव्हिस यांनी एक गोष्ट मुद्दाम सांगितली. यातली युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत साखर, मिठाई किंवा कारखान्यात तयार झालेले पदार्थ नव्हते. समोर चांगले अन्न असेल, तरच मुलाच्या निवडीवर भरवसा ठेवता येतो.

१९९१ मध्ये लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचे खाणे सहा दिवस मोजले. एकाच मुलाच्या वेगवेगळ्या जेवणांतील ऊर्जेत सरासरी ३३.६ टक्के चढउतार आढळला. पण पूर्ण दिवसाची बेरीज केल्यावर तो १०.४ टक्क्यांवर आला. दुपारी दोन घासांत उठलेले मूल संध्याकाळी त्याची भरपाई करत होते. म्हणून एका जेवणावरून मुलाच्या खाण्याविषयी मत बनवू नये. आठवड्याचा हिशेब पाहावा.

६. आग्रह उलटा का पडतो?

"एक घास काऊचा, एक घास चिऊचा" म्हणत मुलाला गोडीने भरवणे हा आपल्याकडचा सुंदर संस्कार आहे. मूल हसत तोंड उघडत असते, तोवर त्यात काहीच वावगे नाही. अडचण सुरू होते ती मान फिरवल्यानंतरही घास पुढे येतो तेव्हा. नाक दाबून भरवणे, मागे मागे धावणे, मोबाइल लावून तोंडात घास सरकवणे, "संपवलंस तर चॉकलेट" असे आमिष दाखवणे, ही सगळी सक्तीचीच रूपे आहेत.

२००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बालवाडीच्या वयाच्या मुलांना दोन प्रकारची सूप दिली गेली. एका सूपच्या वेळी "सूप संपव" असे वारंवार सांगितले गेले, दुसऱ्याच्या वेळी कोणी काही बोलले नाही. आग्रह झालेल्या सूपबद्दल मुलांनी अधिक नावे ठेवली, आणि आग्रह नसलेले सूप ती जास्त प्यायली. मोबाइलसमोर भरवलेल्या मुलाचे पोट भरल्याकडे लक्ष जात नाही आणि चवीकडेही जात नाही. आमिषाने चॉकलेट हे बक्षीस ठरते आणि भाजी ही शिक्षा.

एलिन सॅटर या अमेरिकी आहारतज्ज्ञांनी यावर कामाची एक वाटणी सुचवली. काय वाढायचे, केव्हा वाढायचे आणि कुठे बसून जेवायचे हे मोठ्यांनी ठरवावे. वाढलेल्यापैकी खायचे की नाही आणि किती खायचे हे मुलाने ठरवावे. प्रत्यक्षात ते असे होते : सगळे एकत्र बसतात. मुलाच्या ताटात भात, वरण, भाजी आणि त्याला हमखास आवडणारा एक पदार्थ थोडा थोडा वाढला जातो. वीस-पंचवीस मिनिटांनी ताट शांतपणे उचलले जाते. त्याऐवजी नूडल्स करून दिल्या जात नाहीत, रागावणेही होत नाही. पुढचे खाणे अडीच-तीन तासांनी ठरल्या वेळीच मिळते, मध्ये फक्त पाणी. पहिले काही दिवस रडारड होते आणि याच दिवसांत घरातल्या सगळ्यांनी, विशेषतः आजीआजोबांनी, एकच नियम पाळणे गरजेचे असते. ही रीत वाढ ठीक असलेल्या मुलांसाठी आहे. वजन घसरत असलेल्या मुलाला आधी डॉक्टरांना दाखवावे.

७. थोड्या घासांत जास्त पोषण कसे बसवावे?

सहा महिने पूर्ण झाले की उष्टावण करून वरचे अन्न सुरू करावे आणि स्तनपान दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही चालू ठेवावे. सहा ते आठ महिन्यांत दिवसातून दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांपासून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोनदा छोटे खाणे लागते.

मुलाच्या पोटात वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० मिली अन्न मावते. आठ किलोच्या बाळाचे पोट म्हणजे २४० मिली, सुमारे एक मोठी वाटी. ती वाटी वरणाच्या पाण्याने किंवा भाताच्या पातळ पेजेने भरली, तर पोट भरते पण पोषण मिळत नाही. तेच पोट घट्ट वरण, मऊ भात आणि चमचाभर तुपाने भरावे. पाच ग्रॅम तूप ४५ किलोकॅलरी देते आणि जागा जवळपास घेत नाही. अन्न चमचा तिरका केल्यावर ओघळू नये इतके दाट असावे.

वर्षानंतरची दुसरी मोठी चूक म्हणजे दूध. "जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे" म्हणून दिवसात तीन पेले दिले जातात. हिशेब असा : दोनशे मिलीचे तीन पेले म्हशीचे दूध म्हणजे ६०० मिली, त्यातून सहाशेहून अधिक किलोकॅलरी मिळतात. एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुमारे १०१० किलोकॅलरी धरली आहे. निम्म्याहून अधिक गरज दुधानेच भागल्यावर मूल भाकरी कशाला मागेल? शिवाय दुधात लोह अगदी थोडे असते, त्यामुळे दूधच पिणारी मुले रक्तक्षयाकडे झुकतात आणि रक्तक्षयाने भूक आणखी मरते. वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुरेसे आहे आणि ते बाटलीऐवजी पेल्यातून द्यावे.

बिस्किटे, कुरकुरीत पाकीटबंद खाऊ, फळांचे डबाबंद रस आणि दुधात घालायच्या गोड पावडरी हेही भूक मारतात. त्यांची जागा घरातल्या पदार्थांनी घ्यावी : नाचणीची खीर, थालीपीठ आणि दही, उकडलेले अंडे, मुगाचे धिरडे, खोबरे घातलेले पोहे, मेथीची पाने घातलेली खिचडी, राजगिऱ्याचा किंवा शेंगदाण्याच्या कुटाचा लाडू. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि द्राक्षे घशात अडकतात. चार वर्षांच्या आत शेंगदाणे कूट करून आणि द्राक्षे उभी चिरूनच द्यावीत. वर्षाच्या आत मध देऊ नये.

८. गुटगुटीत म्हणजे निरोगी?

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. पुण्याकडची बाळे सरासरी २.७ किलोची, तिकडची ३.५ किलोची. इकडच्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक, पण आतून चरबीचे प्रमाण अधिक, अशी ही ठेवण पुढे मधुमेहाला पोषक ठरते. त्यामुळे बारीक मुलाला साखर, तळण आणि मिठाईने घाईघाईत फुगवण्यात त्याचे हित नाही. त्याला डाळ, अंडी, दूध, मासे, भाज्या आणि अंगणभर खेळ हवा, म्हणजे वजनाबरोबर उंची आणि स्नायूही वाढतात. आणि उंचीच्या मानाने वजन भराभर वर चाललेले मूल कितीही गोजिरे दिसले, तरी त्याचीही तपासणी व्हायला हवी.

९. डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढीलपैकी काहीही दिसले, तर वाट पाहू नये :

पहिल्या सहा महिन्यांत महिनाभर, त्यानंतर दोन-तीन महिने वजन अजिबात न वाढणे किंवा उतरणे.
तक्त्यावरची रेषा एका पट्ट्यातून खालच्या पट्ट्यात जाणे.
वारंवार उलट्या, लांबलेले जुलाब, पुन्हा पुन्हा येणारा ताप, दोन आठवड्यांहून अधिक खोकला किंवा घरात क्षयरोगाचा रुग्ण असणे.
फिकटपणा, माती किंवा खडू खाणे, पायांवर सूज, मलूलपणा.
गिळताना ठसका लागणे, चावता न येणे, किंवा मोजक्या चार-पाच पदार्थांपलीकडे काहीही तोंडात न घेणे आणि त्याबरोबर बोलणे उशिरा येणे.

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडी सेविका किंवा आशाताई पट्टीने मोजतात. तो ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर ते तीव्र कुपोषण आहे, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असेल, तर मध्यम. अशा मुलांसाठी गावपातळीवर ग्राम बाल विकास केंद्र आणि मोठ्या रुग्णालयात पोषण पुनर्वसन केंद्र असते. पुनर्वसन केंद्रात आईसह राहण्याची, उपचारांची आणि खास आहाराची सोय केली जाते. सहा महिन्यांपासून लोहाचे औषध आणि वर्षानंतर वर्षातून दोनदा जंतनाशक औषध सरकारी आरोग्य केंद्रांतून मोफत मिळते. ते चुकवू नये. भूक वाढवणारी टॉनिके मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नयेत. त्यांनी मूळ कारण झाकले जाते.

सारांश असा, की दर महिन्याला कार्डावर एक ठिपका मांडावा. रेषा वर चढत असेल, तर ताटातल्या उरलेल्या घासांची चिंता सोडावी. रेषा आडवी पडली किंवा उतरली, तर मूल कितीही चांगले खाताना दिसो, त्याच आठवड्यात त्याला तपासून घ्यावे.